ओकेकाकांचे शुक्रवार

त्या गोदामाच्या ऑफिसात एकेचाळीस संगणक होते, आणि एकेचाळीसांचं दुखलंखुपलं बघणारा माणूस एकच. खरं नाव पगारपत्रकावर होतं, एरवी सगळे ओकेकाकाच म्हणायचे. का, तर त्यांचं ते रजिस्टर. दर शुक्रवारी दुपारी एकला, लोक डबे घेऊन वरच्या मजल्यावर गेले की काका एक जाड काळी डिस्क काखेत मारून टेबलाटेबलाशी फिरायचे आणि प्रत्येकाच्या जुन्या मेलची फाईल तिच्यावर उतरवून घ्यायचे. मेल कंपनीच्या मोठ्या यंत्रावर नव्वद दिवसच राहायची, पुढे ती ज्याच्या त्याच्या संगणकावर एका भल्यामोठ्या फायलीत जाऊन पडायची. तो संगणक मेला की मेलही गेली. म्हणून ही डिस्क. एक संगणक झाला की रजिस्टरात एक ओळ लिहायची, टेबल, तारीख, "ओके" आणि सही. अक्षर कसं, तर शाळेच्या भिंतीवर लावावं असं!

तपासणीला कुणी आलं की साहेब आधी ते रजिस्टर पुढे करायचे. काका दारात उभे राहून, मला काय त्याचं, असा चेहरा करायचे. कान मात्र सगळे तिकडे.

आणि एके दिवशी सामानाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली आली. आत एक हमाल होता. जीव वाचला, पाय वाचले नाहीत.

चौकशी लागली. लिफ्टवर लक्ष ठेवायचं काम स्टोअरच्या ताईंकडे होतं. ताई म्हणाल्या, "दोराच्या तारा तुटल्यात हे मी गेल्या वर्षीच साहेबांना मेलने कळवलं होतं, फोटोसकट." साहेबांनी कानावर हात ठेवले. अशी मेल आपल्याला आलीच नाही, म्हणाले. त्यांच्या संगणकावर ती नव्हती. काकांनी शुक्रवारी उतरवलेल्या साहेबांच्या कुठल्याच फायलीत नव्हती, म्हणजे आली आणि नव्वद दिवसांच्या आतच पुसली गेली. पण हे बोलायचं कुणी? ताईंचा जुना संगणक पाच महिन्यांपूर्वीच मेला होता. आता ती मेल सापडली नाही तर दोष ताईंचा, नोकरी जाणार, आणि त्या हमालाच्या पायांचं पाप जन्मभर त्यांच्या माथी.

गुरुवारी ताई काकांच्या खोलीत आल्या. चार रात्री झोप नाही हे डोळ्यांवरून कळत होतं.

"काका, माझी जुनी मेल आहे ना हो तुमच्याकडे?"

"आहे म्हणजे काय, ताई! तीन वर्षांचा एकेक शुक्रवार आहे माझ्याकडे. आणि ती मेल तर मला चांगली आठवते. फोटो मोठा होता, जाईना, म्हणून तुम्हीच मला बोलावलंत. मी लहान करून दिला, माझ्यासमोर गेली ती. तुटक्या तारा कशा केसांसारख्या बाहेर आलेल्या."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच खुर्चीवर टेकल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"जा तुम्ही, चहा घ्या," काका म्हणाले. "छापून टेबलावर आणून देतो."

ताई गेल्या. काकांनी डिस्क लावली, स्टोअरचा कप्पा उघडला. फाईल होती, नावही बरोबर. उघडली. शेवटची मेल तीन वर्षांपूर्वीची.

काकांनी चष्मा पुसला. परत उघडली. तीच तारीख. वर गेले, खाली आले, शोधाच्या चौकटीत "दोर" लिहिलं, "लिफ्ट" लिहिलं. काही नाही. 

कारण काय ते त्यांना लगेच कळलं, आणि तेच वाईट. सगळं ऑफिस एकला जेवायला जायचं, ताई जायच्या नाहीत. ट्रक कधीही गेटवर यायचे, त्यांच्या मेल यायच्या, ताई टेबलावरच चार घास खायच्या. अगदी पहिल्या शुक्रवारी काकांनी त्यांना मेल बंद करायला लावली, फाईल उतरली खरी, पण तेवढ्यात ट्रक आला, गेटवर खोळंबला आणि साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. काकांना फार वाईट वाटलं. पुढच्या शुक्रवारी ते म्हणाले, "असू द्या ताई, चालू ठेवा." मेल उघडी असली की फाईल उतरत नाही, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? यंत्राने विचारलं, फाईल वापरात आहे, वगळू का? काकांनी हो म्हटलं. म्हटलं, संध्याकाळी ताई घरी गेल्या की येऊन उतरवू. संध्याकाळी दुसरं काही निघालं. पुढच्या शुक्रवारी यंत्राने परत विचारलं, तेव्हा त्याखालच्या "दरवेळी असंच करा"वर त्यांनी खूण केली. कटकट मिटली. त्यानंतर यंत्राने तीन वर्षं तोंड उघडलं नाही.

आणि रजिस्टर? चाळीस ओळी भरलेल्या आणि मध्येच एक रिकामी, हे काकांच्या डोळ्यांना सोसेना. त्यांनी तिथेही ओके लिहिलं. पुढे हाताला सवय लागली. दुसरं काय!

संगणक मेला तेव्हाही बिंग फुटलं असतं. पण काकांनी ताईंना नवा दिला आणि म्हणाले, "जुनी मेल लागेल तेव्हा सांगा, घालून देतो." ती घालायचं राहिलं. वर त्या मेलेल्या संगणकातून काढलेल्या डिस्कच्या कागदावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, "बॅकअप ओके, भंगारात द्यावी."

त्या कागदाची आठवण झाली तसे काका उठले, पायात चप्पल धड नाही, तसेच भंगारवाल्याकडे. तिथे एक पिंप भरून डिस्का होत्या. काकांनी बाह्या सरसावल्या आणि कागदावरचा नंबर हातात धरून एकेक काढायला सुरुवात केली. बोटं कापली. ऊन डोक्यावर आलं आणि उतरायलाही लागलं.

"काय शोधताय एवढं?" भंगारवाला म्हणाला. "पाच महिन्यांपूर्वीची? अहो काका, त्या फोडून वितळायला गेल्या कधीच्या. मला आधी विचारायचं ना."

काका पिंपाशीच बसले. एवढा मोठा माणूस, पण हुंदका आवरेना. भंगारवाला घाबरला, त्याने पाणी आणून दिलं.

घरी बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती, नळ बंद करून ऐकत राहिली.

"ताईंना सांगितलंत?"

"डिस्क जरा त्रास देतेय म्हटलं. सोमवारपर्यंत बघतो म्हटलं."

"म्हणजे ती बाई अजून तुमच्या भरवशावर बसली आहे," ती म्हणाली. "बरे आहात हो तुम्ही." आणि तिने परत नळ सोडला.

सोमवारी चौकशीच्या खोलीबाहेर ताई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात रिकामी फाईल, मेलचा कागद लावायला आणलेली.

"आणलंत ना, काका?"

काकांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही. तेवढ्यात आतून दोघांना बोलावणं आलं.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या होत्या. शांत, सरळ बोलणाऱ्या. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं होतं.

"एवढं नेटकं काम मी कुठे पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "एकशे चौपन्न शुक्रवार, एकही चुकलेला नाही. स्टोअरपुढे दरवेळी ओके. आणि तुम्ही आलात रिकाम्या हातांनी, म्हणजे डिस्कवर ती मेल नाही. म्हणजे ती कधी लिहिलीच गेली नाही. बरोबर?"

आपलीच सही ताईंचा गळा आवळते आहे, हे काकांनी बघितलं. ज्या रजिस्टरावर आयुष्यभराचा मान उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मॅडम, ते ओके खोटं आहे. पहिला शुक्रवार सोडला तर स्टोअरचे सगळेच. फाईल पुढे कधी उतरलीच नाही, मी नुसता लिहीत गेलो. मेल मात्र गेली होती. फोटो मी स्वतः लहान करून दिला. माझ्या डोळ्यांसमोर गेली ती."

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

बाईंनी चष्मा काढला. त्यांना आनंद झाला होता असं नाही. "काका, तीन वर्षं दर आठवड्याला खोटी सही केली, हे तुम्हीच सांगताय. मग त्या फोटोचं तरी मी खरं कशावरून धरू?"

उभ्या जन्मात काकांकडे एकच साक्ष होती, आपली सही, आणि ती त्यांनी आधीच मातीत घातली होती.

ताई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. काकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "जुनी डिस्क भंगारात देऊ का म्हणून तुम्ही विचारलं होतंत मला. मी म्हटलं होतं, तुम्ही आहात ना."

बुधवारी ताईंच्या हातात पत्र पडलं. हलगर्जीपणा, असा शब्द होता त्यात. काकांना नुसती ताकीद, कारण त्या संगणकांतलं दुसऱ्या कुणाला काही कळत नव्हतं.

शुक्रवारी एक वाजता काका डिस्क घेऊन निघाले. स्टोअरच्या टेबलावर ताईंचा पेला पालथा घातलेला होता. त्यांनी संगणक चालू केला, डिस्क लावली. मेल कुणी उघडलेली नव्हती. हिरवी पट्टी सरळ शेवटपर्यंत गेली. उतरलेली फाईल एक, वगळलेली शून्य. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

काकांनी रजिस्टर उघडलं, टेबल लिहिलं, तारीख लिहिली. पुढचा शब्द या खेपेला खरा होता, तरी हात उठेना. बाहेर गेटवर ट्रक आला होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता आणि मध्येच मोठ्याने "ताई, ओ ताई" म्हणून हाका मारत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काका पेन धरून ताईंच्या खुर्चीत बसून राहिले.