दादूसच्या सीडीनं बंद पाडलेलं इंजिन

गाढवपणा सगळेच करतात. पण तो वायरलेसवरून, आजूबाजूच्या झाडून सगळ्या बोटींना ऐकू जाईल असा कुणी केलाय? हात वर करा बघू. नाही ना कुणी? मी केलाय. चहा घ्या, सांगतो. मध्येच गप्प झालो तर मात्र होऊ द्या. कारण यात माझा दादूस येतो, आणि तो आला की माझं बोलणं कुठे अडकेल याचा भरवसा नाही.

दादूस म्हणजे मोठा भाऊ, महेश. मे महिन्यात वडखळजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रेलरनं उडवलं. एवढंच सांगतो. त्यापुढचं मला अजून जमत नाही.

आमची मासेमारीची बोट आहे, 'हिरावती'. आजीचं नाव. दादूस तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, सगळ्यांना हुकूम सोडणारा. पावसाळ्यातल्या मासेमारी-बंदीच्या दिवसांत तो हळदीला साऊंड लावायचा. त्यासाठी घेतलेले दोन स्पीकर, एकेक कपाटाएवढा. त्यातला एक त्यानं बोटीच्या केबिनमध्येच ठेवला होता. त्याच्यावर बसून तो सुकाणू धरायचा. खुर्ची होती बरं का केबिनमध्ये. पण साहेब बसणार स्पीकरवर!

आणि त्या स्पीकरमधून वाजायची ती सीडी.

काशीदला फिरायला आलेल्या एका गोऱ्याला दादूसनं लहानपणी होडीतून फिरवलं होतं. जाताना तो ही सीडी त्याच्या हातात ठेवून गेला. कव्हर कधीच फाटलं, वरची अक्षरं बोटांनी पुसली गेली. त्यामुळे ती कुणाची, कुठली, हे आज कुणालाच माहीत नाही. दादूस म्हणायचा, मिळाली तेव्हाच ती जुनी होती. त्यात धड शब्द नाहीत. मधूनच एखादी बाई काहीतरी इंग्लिश म्हणते आणि जाते. बाकी सव्वा तास नुसतं धुम-धुम-धुम-धुम.

गंमत अशी की तिच्यात एक गाणं संपून दुसरं कधी लागलं ते कळतच नाही. खाली ढोल तोच. वर नवं काहीतरी हळूच येतं, जुनं हळूच निघून जातं. भरतीचं पाणी खाडीत चढतं ना, तसं. मघाशी चिखल होता, आता होड्या तरंगतायत, आणि मधलं काही आपण बघितलेलंच नसतं.

पण हे मी आत्ता सांगतोय. तेव्हा मला काय कळत होतं? मी आपला बटण दाबायचो.

"दादूस, बोर हाय रं. पुढचं लावतो."

"अरं, ही मधून ऐकतात का? तो मानूस सव्वा तास एकातून दुसरं काढतोय, आनि तू बेडकासारख्या उड्या मारतोस!"

"सगलं सारखंच तर हाय."

"म्हनूनच सातवीत शाला सोडलीस. सहा वर्षं तुला सगलं सारखंच वाटलं!"

मला आवडायची दोनच, चौथं आणि नववं. बाकीची सीडी मी कधी ऐकलीच नाही. माझं सगळंच असं. जेवायला बसलो तर आधी मासा, मग उठतो. शाळा सोडली, मग बोट सोडली, आणि नागावला बनाना राइडवर लागलो. पर्यटकांना लाईफ जॅकेट घालायचं आणि पाण्यात पाडायचं. तीन वर्षं तेच केलं.

दादूस गेल्यावर पावसाळाभर हिरावती ताडपत्रीखाली उभी होती आणि बाबा ओट्यावर. दोघंही बोलत नव्हते. बंदी उठायची वेळ आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बोट इकतो. उरनचा गिऱ्हाईक हाय."

मी ताट ढकललं. "मी चालवतो!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू?"

त्या 'तू'मध्ये माझं अख्खं आयुष्य आलं हो! सातवी आली, बनाना आली, सगळं आलं.

शेवटी आई मध्ये पडली. "एक फेरी तरी द्या पोराला."

"एक फेरी," बाबा म्हणाले. "मी संगती येनार. परवा तो उरनवाला यायचा हाय. पोरानं नीट नेली-आनली तर त्याला नको म्हनेन. न्हायतर बोट गेली."

म्हणजे बघा, एका फेरीवर दादूसची बोट टांगलेली. आणि सुकाणू कुणाच्या हातात? माझ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळची भरती धरून निघालो. बाबा मागे जाळ्यांजवळ बसले, पाठ माझ्याकडे करून. पुढे पांड्या, दादूसचा लंगोटीयार, आमचा जुना खलाशी. आणखी दोघं बर्फ भरत होते. मी केबिनमध्ये शिरलो. खुर्चीकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, आणि स्पीकरवर बसलो.

सीडी आतच होती. मे महिन्यापासून.

लावली. आवाज दादूसनं ठेवलेला तेवढाच ठेवला, म्हणजे समोरच्या काचा थरथरतील एवढा. बाबांची मान जराशी वळली आणि परत समोर गेली. मी मनात म्हटलं, आज बटणाला हात लावायचा नाही. काही झालं तरी अख्खी ऐकायची.

काय सांगू, वेगळीच सीडी निघाली ती! चौथं गाणं आलं आणि मला कळलं, ते आवडतं ते तिसऱ्यामुळे. तिसऱ्यातच ते आत कुठेतरी वाजायला लागलेलं असतं. आपण त्याची वाट बघतोय हे आपल्यालाच माहीत नसतं, आणि मग ते येतं. मी इतकी वर्षं नुसतं येणं ऐकलं, वाट बघणं कधी ऐकलंच नाही. डोळे भरून आले. समोर समुद्र, डोळ्यांत समुद्र, बुडाखाली धुम-धुम. खालून इंजिनही धडधडतंय. थोड्या वेळानं इंजिन कुठलं आणि ढोल कुठला, हे मला सांगता आलं नसतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. बोटीवरच्या माणसाला इंजिन कानानं कळत नाही, बुडाखालून कळतं. झोपलेला खलाशीसुद्धा थरथर थांबली की ताडकन उठतो. कारण आमच्या खाडीच्या तोंडाशी खडक आहे. तिथे इंजिन गेलं आणि पाण्यानं ओढलं तर बोटीची फळी हाताला लागत नाही. म्हणून लहानपणापासून एकच शिकवण: थरथर थांबली की आधी नांगर, मग बाकीचं.

आणि मी बसलो होतो स्पीकरवर!

खडक डाव्या हाताला दिसत होता. आणि सीडीतला ढोल थांबला.

एकदम! कापून टाकल्यासारखा. नुसता एक बारीक सूर उरला, लांबून वाऱ्यावर यावा तसा. बुडाखाली काही नाही. इतका वेळ त्या आवाजानं बधिर झालेल्या कानांतही काही नाही.

"इंजिन गेलं! पांड्या, नांगर!"

"आँ?"

"नांगर टाक!"

पांड्या जुन्या वळणाचा. तांडेलानं सांगितलं की आधी करायचं, मग विचारायचं. दिला फेकून! बोट पूर्ण वेगात, दोर सरसर सुटला, संपला, आणि हिरावतीला कुणीतरी वेणी धरून मागे ओढावी तसा हिसका बसला. बर्फ डेकवर पसरला. भाताचं पातेलं गडगडत गेलं. बाबा जाळ्यांच्या ढिगात उताणे.

मी तोवर वायरलेस उचलला होता. "हिरावती! हिरावती! इंजिन बंद! खडकावर चाललोय! ओढायला या!" बोलायचं बटण इतकं घट्ट दाबून धरलं होतं की कुणी काही विचारायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

पांड्या खिडकीत आला. "जितू, इंजिन चालू हाय!"

"चालू हाय तर बोट पुढं का जात न्हाय?"

"तू नांगर टाकायला लावलास म्हनून!"

हे मला पटलं का? छे! मी म्हटलं, मग गिअर गेला असणार. धावत खाली इंजिनापाशी उतरलो. इंजिन बिचारं चांगलं धडधडत होतं. पण डोक्यात शिरलेलं निघतंय थोडंच? गिअर बघायचा म्हणून मी ते चालू इंजिन बंद केलं.

आणि नेमका त्याच क्षणी वर सीडीतला ढोल परत आला.

धुम! अख्खी बोट थरथरली.

"चालू झालं!" मी ओरडलो.

"अरं, आता बंद केलंस!" पांड्या रडवेला झाला.

म्हणजे चालू होतं तेव्हा मी बंद म्हणत होतो आणि बंद केलं तेव्हा चालू. मग पांड्यानं माझे दोन्ही हात धरून इंजिनावर ठेवले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लाजेनं मी घाईघाईत इंजिन सुरू केलं आणि गिअर टाकला. पण नांगर अजून खालीच होता! सैल पडलेला दोर बोटीखाली आला होता. तो पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळला, इंजिनानं दोन आचके दिले आणि ते खरोखरच बंद पडलं.

तोवर तीन बोटी आल्या. जाळी अर्धी टाकून, धूर सोडत. पहिल्या बोटीवर मुरूडकडचे करीमचाचा. नांगर धरून होता, त्यामुळे आम्ही खडकापासून लांब सुखरूप डुलत होतो, आणि वर धुम-धुम चालू.

"जितू बेटा, खैरियत?" चाचांनी विचारलं. "इंजिन कशानं गेलं?"

मी खाली बघितलं. पांड्यानं स्पीकरकडे बोट दाखवलं. "चाचा, गान्यातला ढोल थांबला."

चाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! तीन बोटींचा धंदा सोडून आलो आम्ही." दुसऱ्या बोटीवर कुणीतरी खुसखुसलं. तिसऱ्या बोटीवरून आवाज आला, "वरात हाय का रं तुझी?" मला वाटलं, आता पाण्यात उडी मारावी आणि नागावपर्यंत पोहत जावं.

पण चाचा हसले नाहीत. म्हणाले, "तू वायरलेसवर काय बोललास, मी नीट ऐकलंच नाही. मागे हे वाजत होतं. धुक्यात बोट दिसायच्या आधी हे ऐकू यायचं. आमची पोरं म्हणायची, महेशभाई आला. आज वाटलं..." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "म्हणून जाळं सोडून दिलं."

पांड्या कोयती घेऊन पंख्याचा दोर कापायला पाण्यात उतरला. कितीतरी वेळ लागला. चार बोटी एकमेकींना लागून उभ्या, माणसं कठड्यांवर बसलेली, आणि सीडी चालू. बंद कर असं कुणी म्हणालं नाही. चाचांनी आमच्या सगळ्यांना त्यांचा चहा दिला. एकदा ढोल पुन्हा थांबला, तसा एक म्हातारा खलाशी मला म्हणाला, "घाबरू नको, येतोय." आणि तो आला! त्याला ती सीडी पाठ होती. लांबून ऐकून ऐकून. कुणी गोरा, कधीकाळी, कुठल्याशा खोलीत बसून एकातून दुसरं काढत बसला, आणि इथे खाडीच्या तोंडाशी लुंगीतल्या माणसाला ढोल कधी परत येतो ते ठाऊक! मी घरात राहून ती ऐकली नव्हती आणि दर्यानं ऐकली होती.

शेवट मी पहिल्यांदाच ऐकला. आधी ढोल जातो, मग सूर पातळ होत जातो, आणि उरतं ते फक्त फळ्यांवर आपटणारं पाणी.

"संपली?" बाबांनी विचारलं. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द.

"व्हय."

"महेश लगेच परत लावायचा," ते म्हणाले आणि पाण्याकडे बघत बसले.

मी परत लावली.

फेरी मात्र वाया गेली. मासा एक नाही, बर्फ वितळला, आणि धक्क्यावर माझं स्वागत कसं झालं ते विचारू नका. घरी आलो आणि कोपऱ्यात बसलो. उद्या उरणचा माणूस येणार, बोट जाणार, आणि ती कुणी घालवली? मीच.

तिन्हीसांजेला बाबांचा फोन वाजला. उरणवालाच. एवढ्या मोठ्यानं बोलत होता की आईलाही चुलीपाशी ऐकू आलं. "काय धर्माशेठ! इंजिन गेलेली बोट माझ्या गळ्यात मारत होतात? आमच्या पोरांनी वायरलेसवर ऐकलं सगळं!"

"अहो न्हाय, इंजिन चांगलं हाय," बाबा म्हणाले. "ते आमचं पोरगं..."

आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेर, खाडीकडे.

"व्हय," ते फोनमध्ये म्हणाले. "बरोबर ऐकलंत. इंजिन गेलंय. तुमी नका घेव ती बोट." आणि फोन ठेवला.

मी उडी मारून उठलो. "बाबा! म्हंजे हिरावती ऱ्हायली!"

"ऱ्हायली. उद्यापासून पांड्या तांडेल."

"आनि मी?"

बाबांनी परत फोन उचलला आणि चष्मा लावून नंबर शोधायला लागले.

"तुला कोन इकत घेतोय का, तेच बघतोय."