कूपन आणा, कुकर न्या

विश्वनाथअप्पांनी काउंटरवर तीन गुलाबी कूपनं ठेवली.

"पाच हजार हँडबिलं वाटली, राईटरसायेब. आली तीन. त्यातलं एक माज्या मेव्हण्याचं हाय."

मी कूपनं उलटीपालटी करून पाहिली.

अप्पांचं केजला भांड्यांचं दुकान होतं. मी बीडच्या एका छोट्या अॅड एजन्सीत कॉपीरायटर. कॉपीरायटर म्हणजे जाहिरातीतला मजकूर लिहिणारा. आमच्या घरी मात्र 'हा पाट्या लिहितो' असंच सांगायचे. नव्वदीतले, खुल्या आर्थिक धोरणाचे दिवस होते. रोज नवी कंपनी, नवा माल, नवा डीलर. माझ्याकडे काम भरपूर होतं. पण पंधरा वर्षं प्रत्येक दुकानदाराकडून एकच ऐकत आलो होतो: "जाहिरातीनं काय व्हत नसतंय. माल खपायचा तर खपतोच." ते ऐकून ऐकून मी कंटाळलो होतो. आपल्या लिहिण्यानं खरंच काही विकलं जातं का, हे मला एकदा पाहायचं होतं.

म्हणून अप्पांना म्हणालो, लिहिण्याचे पैसे नकोत. तुमच्या प्रेशर कुकरच्या हँडबिलावर कोपऱ्यात कूपन छापतो. त्यावर नाव-गाव लिहून जो कुकर नेईल, त्यामागे मला कमिशन द्या. आता माझा पुतण्या कॉम्प्युटरवर हेच करतो आणि त्याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतो. लिंकवरून माल गेला तर पैसे, नाहीतर काही नाही. आमची लिंक कागदाची होती, कात्रीनं कापायची.

गुलाबी हँडबिलावर मी 'स्वयंपाकघराची राणी, वेळेची बचत, गृहिणीचा अभिमान' असं बरंच काही लिहिलं होतं. ते तेलगावपासून केजपर्यंत वाटलं. आली तीन कूपनं.

"अप्पा, एक कुकर द्या. युसूफ वडगावच्या बाजारात बसतो."

"तुमी बसनार? बाजारात?"

"बसतो."

बसलो. बायका यायच्या, कुकर लांबूनच बघायच्या, पुढं जायच्या. दुपारी कौसाबाई नावाच्या एक बाई थांबल्या. साठीच्या असाव्यात. माझं राणी-अभिमान पुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, आमच्या भावकीत एकीच्या कुकराचं झाकण उडालतं. हे फुटतंय का न्हाई, तेवढं सांगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

मी झाकण उलटं करून दाखवलं. वाफ शिट्टीतून जाते. शिट्टी तुंबली तर बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. फार तापलं की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. झाकण उडत नाही. कौसाबाईंनी व्हॉल्व्हवर बोट ठेवलं, दोनदा विचारलं आणि म्हणाल्या, "मग हेच लिव्हा की कागदावर!"

लिहिलं. पिवळा कागद. वर मोठ्या अक्षरात 'कुकर फुटतो का?' खाली व्हॉल्व्हचं चित्र, चार साधी वाक्यं आणि शेवटी 'बिघडला तर दुकानात आणा, परत घेऊ.' राणी कुठंच नव्हती.

महिन्याभरात पिवळ्या कूपनांनी अप्पांचा बिस्किटाचा डबा भरला. पहिलं कूपन कौसाबाईंनीच नाव लिहून देऊन ठेवलं होतं, पण कुकर त्यांनी पैसे जुळल्यावर, दिवाळी झाल्यावर नेला. मी खूश होतो. हे कबूल करायला हवं.

पुढच्या वेळी दुकानात गेलो तर कौसाबाई समोर उभ्या. लुगड्याच्या धडप्यात काहीतरी बांधलेलं. मला पाहिल्यावर त्यांनी ते काउंटरवर सोडलं. वाकडं झालेलं झाकण होतं.

"सुनंचा हात भाजलाय, भाऊ. वरच्या पत्र्याला डाळ चिकटलीय अजून. तुमी तर म्हनला व्हतात उडत न्हाई."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. फोड आलेत कोपरापोतर."

मी झाकण उलटं केलं. व्हॉल्व्हच्या जागी नुसतं पितळी बटण ठोकलेलं. आयएसआयचा शिक्का नाही. हा मी दाखवलेला कुकर नव्हताच.

"अप्पा, हे काय?"

अप्पांनी आधी नजर चुकवली. मग म्हणाले, "कंपनीचा माल संपला व्हता. गिऱ्हाईक दारात उभं. दुसरीकडून दोन डझन आनले. दिसाया सारखेच व्हते."

"बाकीचे परत मागवा."

"कावून? ज्याचा फुटला त्येला बदलून देतो की."

"परत घेऊ असं लिहिलंय हँडबिलावर."

"ते तुमी लिव्हलंय. मी न्हाई."

कौसाबाई दोघांकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "माझं कमिशन ठेवा. त्यात बदली कुकर द्या. नाहीतर येत्या बाजारी मी तिथंच बसतो आणि हे झाकण सगळ्यांना दाखवतो."

अप्पांनी बिस्किटाचा डबा माझ्याकडे सरकवला.

कूपनांवर नावं-गावं होती. दुसरा माल कुणाकुणाला गेला, ते अप्पांनी आठवून सांगितलं. कौसाबाईंचा सोडून बाकीच्यांना मी तेवीस पोस्टकार्डं हातानं लिहिली. 'कुकर वापरू नका. झाकण उडू शकतं. दुकानात आणा, नवा न्या.' यापेक्षा साफ आणि खरा मजकूर मी आयुष्यात लिहिला नसेल.

दोन आठवड्यांत चार कुकर आले.

मग रजा टाकून एसटीनं आणि पायी घरोघर गेलो. एका घरी चहा मिळाला. एका घरी सासूनं दारातच अडवलं. "इकताना ग्वाड बोललात, आता भ्या दाखवताव. आमचा लई बेस चाललाय. न्हाई देत." तिथं मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा कुकर मिळाला, शिव्यांसकट.

एकूण अठरा परत आले. पाच कुकर कुठं गेले कळलं नाही. कुणी लेकीला दिला होता, कुणी ऊसतोडीला जाताना सोबत नेला होता. कधीकधी रात्री ते पाच मनात यायचे. कौसाबाईंच्या सुनेचा हात बरा झाला, डाग राहिला. बदली कुकर त्यांनी घेतला नाही. "पातेलंच बरं," म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

माझ्या लिहिण्यानं माल विकला जातो, हे कूपनांनी सिद्ध केलं. पण खोक्यातून कसला माल जातोय हे सांगायचं काम कूपनाचं नसतं. तेव्हापासून माल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय मी जाहिरात लिहिली नाही. दुकानदार म्हणायचे, हा राईटर लई चौकशा करतो. कामं निम्म्यावर आली.