डब्याभोवतीचे उपास

माझी धाकटी बहीण गेल्यावर समाचाराला येणारी माणसं ओटीवर बसत, पाणी पीत आणि थोड्या वेळाने आवाज खाली आणून विचारत, “त्याच्यानंच ना?” मी सांगत असे, नाही, मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. एचआयव्ही तिला होता, पण रोजच्या गोळ्यांनी तो वर्षानुवर्षं दबून राहिला होता; तिच्या जाण्याशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. काही माणसांना हे पटे. काही नुसती मान हलवत आणि चपला शोधत.

तो तिला कसा झाला हे मी इथे लिहिणार नाही. तीही कोणाला सांगत नसे. विचारणाऱ्याला पुढचं काहीच ऐकायचं नसतं, असं ती म्हणायची. मला मात्र पुढचंच लिहायचं आहे. लिहायला वेळ लागतो आहे, कारण एक वाक्य झालं की ती ते कसं म्हणाली असती हे आठवत बसते.

नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करत होते, लग्न केलं नव्हतं, घर दोघींना पुरेसं होतं. महिन्याभरात तिने वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका काजूच्या कारखान्यात काम धरलं. सोललेले काजूगर लांब टेबलावर ओतायचे आणि अख्खे, पाकळी, तुकडा असे निवडून वेगळे करायचे. डोक्याला टोपी, हातात मोजे, वर ट्यूबलाइट. दहा-बारा बाया समोरासमोर बसत. हात चालू असले की तोंडंही चालू असत, आणि संध्याकाळी त्यातलं निम्मं मला ऐकायला मिळे.

त्या बायांची एक रीत होती. दुपारी मागच्या पडवीत गोल करून बसायचं आणि प्रत्येकीने आपली आमटी डब्याच्या झाकणात ओतून मध्ये ठेवायची. कोणाचं बांगड्याचं तिखलं, कोणाचं सुंगटाचं, म्हणजे कोलंबीचं, कालवण, कोणाकडे नुसती सोलकढी. भात जिचा तिचा, बाकी सगळं सगळ्यांचं. माझ्या बहिणीच्या तिखल्याचं झाकण पहिलं रिकामं होई. हे ती मला इतक्या वेळा सांगे की मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे.

महिन्यातून एकदा ती सुट्टी घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गोळ्या आणायला जाई. टेबलावरच्याच एका बाईने तिला तिथे पाहिलं. ही बाई समुद्राकाठची, तिच्या नवऱ्याची मासेमारीची होडी होती. आम्ही घरी तिला होडीवाली म्हणायचो. ती आपल्या सासूला तपासायला घेऊन गेली होती आणि माझी बहीण एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. पुढच्या आठवड्यात सगळ्या टेबलाला ठाऊक झालं.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त एकजण मंगळवारी म्हणाली, आज मी मंगळवार धरलाय, शिवराक. शिवराक म्हणजे आमच्याकडे मासे-मटण नसलेलं जेवण. देवाच्या नावाने बाया वार धरतात, त्यात नवल नव्हतं. गुरुवारी तिघींचा दत्ताचा वार निघाला. शुक्रवारी देवीचा. शनिवारी मारुतीचा. माझ्या बहिणीचं तिखलं भरल्या झाकणाने घरी येऊ लागलं आणि तिला खरंच वाटलं, की गावात कसली साथ वगैरे येऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून देवाला काही कबूल केलं असेल. चांगल्या स्वभावाच्या माणसाला असंच वाटतं. मग तिनेही मासे बंद केले. काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, एकदा फणसाची भाजी केली, आणि उत्साहाने नेली. त्या दिवशी समजलं, की आता नुसतं शिवराक नव्हतं, एकीचा फळांवरचा उपास होता आणि दुसरीचं पोट बिघडलं होतं. तिसरीने झाकण हळूच आपल्यापासून दूर सरकवलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी तिने सांबारं गरम करून मला वाढलं आणि ती समोर बसून राहिली. जेवली नाही.

याच सुमारास मालकाने तिला ऑफिसात बोलावलं. तो अदबीने बोलला. म्हणाला, काही दिवस तुम्ही बाहेर काजूबी वाळवायच्या कामावर या, इथे खाण्याचा माल आहे, लोक बोलतात. मी शाळेच्या संगणकावर शोधून कायदा वाचून काढला. या आजारावरून कोणाला कामावरून काढता येत नाही, वेगळं वागवता येत नाही. मी दोन पानी अर्ज लिहिला, पुन्हा पुन्हा तपासला. तिने तो वाचलासुद्धा नाही. मालकाला जाऊन एवढंच म्हणाली, की माझी मोठी बहीण घरी बसून कायदा वाचते आहे. मालकाने आपल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी काही भीती नाही म्हणून सांगितलं, आणि तो विषय तिथेच राहिला. तिचं टेबल सुटलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. मी म्हटलं, आता पडवीतल्या वागण्याबद्दलही अर्ज करू. ती हसली.

“आक्का, कायद्यान माका टेबल गावला. माझ्या वांगडा जेवूक कोण बसतला? आणि तू लिवतलंस काय, बाया उपास करतत म्हणान?”

खरंच, काय लिहिणार होते मी? तिला तिथून पगार हवा होता, तो मिळत होता. पण तिला त्या गोलात परत बसायचं होतं, आणि ते मागायला कुठली खिडकी नव्हती.

ती रोज आमटी नेत राहिली. झाकणात ओतून मध्ये ठेवत राहिली. भरलेलं झाकण घरी आणून मला खाऊ घालत राहिली. त्या महिन्यांत माझं वजन वाढलं.

एका सोमवारी सगळ्याच बाया एकादशीला बसल्यासारखं तोंड करून पेज पीत होत्या. माझी बहीण भात कालवता कालवता म्हणाली, “देवांका तरी किती दमवतल्यात गो? एकेकीच्या वाटणीक सात-सात देव. त्येंका दुसरी कामा आसत.”

दोघी-तिघी फिसकन हसल्या. टेबलावरच्या सगळ्यांत वयस्क बाईला, जिला सगळ्या काकी म्हणत, हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर काकीने तो प्रश्न विचारला, जो इतके दिवस कोणी विचारला नव्हता.

“खरा सांग गो बाय, तुझ्या हातचा खाल्लंय तर माका काय जायत काय?”

“जेवणातसून लागना नाय, काकी. एका ताटात जेवलात तरी नाय. गोळयो मी खातंय, तुमी आमटी खावा.”

काकीने झाकण पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी. कोणी माफी मागितली नाही, वार मात्र एकेक करून गळून पडले. एक बाई शेवटपर्यंत तिच्या हातचं जेवली नाही. ती सरळ सांगायची, माका भीती वाटता, आणि माझी बहीण म्हणायची, वाटू दे, तू निदान देवाला मध्ये आणत नाहीस.

राहिली होडीवाली. बहुतेक सगळ्या खायला लागल्या तरी ती थोडी बाजूला, पाठ करून, डाळभात खायची. बाकीच्या तिला टोमणे मारत: घोवाची होडी सुरमईन भरान येता आणि ही बसता डाळ ढवळीत. ती हसायची, वळायची नाही. ज्या बाईने बातमी आणली तिनेच असं करावं, हे माझ्या बहिणीला लागलं होतं. घरी तिचं नाव निघालं की ती विषय बदलायची.

गणपती होऊन गेले होते. एका रविवारी होडीवाली आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली. मी चहा ठेवायला उठले, तर बहिणीने मला खुणेनेच थांबवलं. तिला आधी बोलू दे, असं त्या खुणेत होतं.

झालं होतं ते असं. बाकीच्या बाया वार धरला म्हणून नुसतं तोंडाने सांगत होत्या. होडीवालीला देवाच्या नावाने खोटं बोलायची भीती वाटली. खोटं बोलू नये म्हणून ती खरोखरच ग्रामदेवतेच्या देवळात गेली आणि नारळ ठेवून आठवड्याचे सगळे वार धरून आली. आता ते सोडायचे कसे? घरी नवऱ्याला मासे तळून घालायची आणि स्वतः लोणच्याशी जेवायची. भीती तर काकी जेवली त्याच आठवड्यात गेली होती. आदल्या दिवशी ती गुरवाकडे गेली, म्हणाली, देवापुढे गाऱ्हाणं घाला, मला मोकळी करा. गुरवाने विचारलं, वार कशासाठी धरले होतेस? तिने सांगितलं. गुरवाने तिला परत पाठवलं. ज्या बाईवरून धरलेस तिला सोबत घेऊन ये, मग बघू.

“तू येशीत?” तिने विचारलं.

बहीण उठली. मग आत जाऊन साडी बदलून आली.

मीही गेले. देवळात रविवारची पाच-सात माणसं होती, कोणी नवस फेडायला आलेली, कोणी कौल लावायला. होडीवालीने गुरवाच्या कानाशी जाऊन सांगितलं, की चुकून धरले एवढंच म्हणा. गुरव म्हणाला, देवाला ठाऊक आहे कसं धरलंस ते, मला नीट म्हणावं लागेल. ती माझ्या बहिणीकडे बघू लागली. बहीण खांबाला टेकून उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली. तिच्या आजाराचं नाव तिथे निघणार नव्हतं, हे तिने वाटेतच दोघींत ठरवून घेतलं होतं.

गुरवाने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान तुझा नाव घेवन वार धरल्यान.”

“व्हय म्हाराजा,” आजूबाजूची माणसं सवयीने म्हणाली.

“ते तुझ्यासाठी नाय धरल्यान. आपल्या वांगडच्या बायच्या डब्यातला खावचा नाय, म्हणान धरल्यान.”

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ जरा उशिरा आलं. कौल लावायला आलेला एक माणूस वळून बघू लागला. होडीवालीची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. तेवढ्यात सगळ्यांच्या मागून एकटा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” तो माझ्या बहिणीचा होता. तिच्या आवाजात ना राग होता, ना माया. शेजारणीच्या कामाला साक्ष द्यावी तशी ती म्हणाली.

गुरवाने पुढचं म्हटलं, चुकलंमाकलं पोटात घाल, मोकळी कर. नारळ फुटला. परत येताना दोघी पुढे चालत होत्या आणि माशांच्या भावाबद्दल बोलत होत्या.

सोमवार होता तरी दुसऱ्या दिवशी बहिणीने बांगडे आणायला मला भल्या सकाळी बाजारात पाठवलं. तिरफळं घालून तिखलं केलं, एरवीपेक्षा मोठ्या डब्यात भरलं. मी दिवसभर शाळेत पुस्तकांना क्रमांक चिकटवत होते आणि चुकत होते.

संध्याकाळी ती आली ती डबा आपटतच. मी घाबरून विचारलं, खाल्लं नाही का होडीवालीने?

खाल्लं होतं. सगळ्यांत आधी झाकण ओढलं, भातावर ओतून घेतलं, बोटं चाटली, आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, “मीठ कमी पडला गो.”

“माझ्या तिखल्याक,” बहीण म्हणाली. “इतके महिने डाळ खावन जीभ मेली तिची, आणि माका शिकयता.” पातेल्यात तळाशी थोडं उरलं होतं. तिने ते तसंच गार माझ्या हातावर घातलं आणि चाखून सांग म्हणाली. मी सांगितलं, मीठ बरोबर आहे. तिचं समाधान झालं नाही. तिने स्वतः चाखलं, पुन्हा चाखलं, जेवताना तेच, भांडी घासताना तेच. दिवा मालवला तरी अंथरुणातून बडबड चालूच होती, की उद्या कोलंबी नेते आणि बघते काय म्हणते ती. मी उशीत तोंड घालून ऐकत राहिले.