गोऱ्ह्यासोबतची कालवड

काल निंबोल्यात आमच्या गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, "गोऱ्ह्यासोबतची कालवड बहुतेक गाभण राहत नाही, भाऊ. पण हे गाईतच होतं बरं, माणसांत नाही." गोठ्यात चिकाचा वास भरला होता. मला माझी बहीण शांता आठवली.

तिला पाहायला पाहुणे आले होते आणि मी त्यांना गोठा दाखवत होतो. मुलाच्या मामांनी एका देखण्या कालवडीच्या पाठीवर हात फिरवला. मी शहाणपणाने सांगितलं, "ती गोऱ्ह्यासोबत जन्मली, मामा. वांझच राहणार. बाजारात न्यायची आहे."

मामा हसले. तेवढ्यात शांता चहा घेऊन आली. तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत त्यांनी विचारलं, "तोंडं तर एकसारखी. जुळे का तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

"मग चहा राहू दे, बेटी."

ते निघून गेले. ही गोष्ट गावोगाव पोचली आणि शांताला पुन्हा स्थळ आलं नाही. बाबाही तिच्याकडे त्या कालवडीकडे पाहावं तसे पाहू लागले. माझं लग्न मात्र थाटात झालं. करवली म्हणून कऱ्हा घेऊन माझ्यामागे शांताच उभी होती.