डोक्यामागं उभा असलेला माणूस
वर्गात फळा पुसताना खडूची भुकटी नाकात गेली की मला नांदेडच्या कॉलेजातला तो हॉल आठवतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत शेवटच्या प्रयत्नासाठी तसलीच पांढरी पावडर हाताला चोळून मी बेंचवर आडवी झाले, तर वजनाचा बार सावरायला डोक्यामागं उभा होता लातूरच्या पोरीचा भाऊ, आणि सुवर्णपदकासाठी माझी गाठ त्याच पोरीशी होती. "तुम्हीच कसे काय इथं?" मी विचारलं. "माणसं कमी पडलीत, ताई. तुम्ही उचला बिनघोर," तो म्हणाला, आणि मला जास्तच घोर लागला. त्यानं मधेच बारला बोट जरी लावलं तर माझा प्रयत्न बाद, आणि वेळेवर धरला नाही तर सगळं वजन छातीवर. मी बारकडं कमी, त्याच्या हातांकडंच जास्त बघत होते. बार निम्म्यावर अडकला, माझे दंड थरथरायला लागले, तरी त्याचे हात होते तिथंच राहिले, नजर माझ्या चेहऱ्यावर. कसाबसा बार वर गेला आणि पंचांनी प्रयत्न मान्य केला. मग त्याच्या बहिणीची पाळी आली. तिचा बार जरा कुठं अडला, तोच यानं झडप घालून धरला, आणि तिचा शेवटचा प्रयत्न बाद झाला. "जात होता की वर, कशाला धरलास?" ती रडत विचारत होती. "तुझं तोंड बघवलं न्हाई मला," तो म्हणाला. पदक आज माझ्या भिंतीवर आहे. ते बघितलं की अजून वाटतं, माझं तोंड त्या भावाला शेवटपर्यंत कसं बघवलं?