चाकांची खांदेमळण

माझा धाकटा भाऊ ट्रॅकवर गाडी पळवतो आणि मी त्याचे टायर घासते. त्याच्या वेडाला निदान नाव तरी आहे, माझ्या वेडाला तेही नाही. तो सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात फिटर आहे. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगवलेलं कापड तपासते. कापडावरचा तेलाचा डाग मला दहा हातांवरून दिसतो, आणि याचा मला भलताच गर्व होता.

ट्रॅकचे टायर मऊ रबराचे असतात, तापले की रस्त्याला धरतात. एकदा पळून आले की दुसऱ्यांच्या टायरचे तुकडे, खडी, माती, सगळं त्यांच्या अंगाला चिकटतं. गरम हवेच्या गनने ते मऊ करायचं, मग भिंतीला लांबी भरायच्या पत्र्याने खरवडायचं, खालच्या रबराला चरा न जाऊ देता. शेवटी कोरडं फडकं. पॉलिश, तेल यांचं नावसुद्धा काढायचं नाही. वळणावर अख्खी गाडी चार तळव्यांएवढ्या जागेवर उभी असते. तेवढी जागा निसटली तर आत बसलेल्याच्या हातात काही राहत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी चारही टायर साफ केले, जुन्या चादरींत गुंडाळले आणि गॅलरीत ठेवून बाजारात गेले. पावसाने तीन दिवस उघडीप दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या एका छोट्या ट्रॅकवर भावाला गाडी काढायची होती.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. भाऊ घाईघाईने टायर बसवायला लागला आणि मी फॉर्म भरायच्या रांगेत उभी राहिले. एरवी टायर चढवण्याआधी मी प्रत्येकावरून तळहात फिरवते. त्या दिवशी नाही फिरवला. रांगेत पुढे घुसणाऱ्या एका माणसाशी भांडण्यात माझा वेळ गेला. मी परत आले तोवर हेल्मेट घालून भाऊ निघालाही होता.

पडलेल्या चादरी मी घडी करायला घेतल्या. पहिल्याच चादरीच्या आतल्या बाजूला पिवळा डाग होता. दुसरीलाही. मी नाकाला लावून पाहिलं. हळद आणि तूप.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या खानदेशात बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. सुरतेत आल्यापासून आमच्या घरी बैल नव्हते. मायने टायरना मळलं होतं, आणि मी रागावेन म्हणून वरवर पुसून पुन्हा गुंडाळून ठेवलं होतं.

भाऊ पहिला फेरा सावकाश मारत होता, टायर तापवायला. तापले की तूप वितळणार होतं, आणि दुसऱ्या फेऱ्यात तो गाडी भरधाव सोडणार होता. मी झेंडेवाल्याकडे धावले. "भैया, टायर पे घी लगा है, रोको उसको." तो माझ्याकडे बघून हसला. मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा हसला. गाडी शेवटच्या वळणावरून सरळ रस्त्याला लागली होती, आवाज चढत होता. मग मला अक्कल आली. मी म्हटलं, "ऑइल है."

तो शब्द ऐकताच त्याने लाल झेंडा वर केला. भावाने पाय काढला, पण वळण आलंच होतं. गाडीचा मागचा भाग बाहेर गेला, ती गर्रकन फिरली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उलट्या तोंडाने थांबली. इंजिन बंद पडलं. दार उघडायच्या आधीच मी धावत सुटले होते.

तो खाली उतरला. मी त्याच्याजवळ पोचले आणि तिथेच उभ्या उभ्या मायला फोन लावला. मला तिच्यावर ओरडायचं होतं. स्वतःवर ओरडण्यापेक्षा ते सोपं होतं. टायरना काय लावलंस, गाडी भिंतीवर जाता जाता राहिली, असं मी एका दमात बोलून टाकलं.

तिने एवढंच विचारलं, "पहिले सांग, तो उतरना का गाडीमाईन?"

उतरला, मी म्हटलं. ती रडत म्हणाली, "आठे बैल कोठे शेत? मन्हा पोऱ्याले ह्या चाकंच वढतस. मी तेस्ले आवतन दिधं, सकाय जेवाले या म्हनी. रिकामा नका येज्यात, त्याले लई या."

बैल नाहीत म्हणून तिने चाकांनाच बजावलं होतं, उद्या जेवायला या, रिकामी येऊ नका, त्याला घेऊन या. भावाने माझ्या हातातला फोन घेतला. तो मायशी कायम गुजरातीत बोलतो, अहिराणीची त्याला लाज वाटते.

"माय," तो म्हणाला, "पुरनपोया कर. मी जेवाले येस."