‘त्रिस्त’ आणि माझं म्यूटचं बटण

लॉकडाऊनमध्ये मेलबर्नकरांना घरापासून पाच किलोमीटरची हद्द होती, माझ्या किश्श्यांना नव्हती. दर शनिवारी दुपारी क्लेटनमधली आम्ही सहा मराठी घरं व्हिडिओ कॉलवर जमायचो. होस्ट मी, वक्ता मी, टाळ्या मागणाराही मीच. त्याच दिवसांत पुण्यात सासूबाई गेल्या. सीमा बंद, बायकोला जाता आलं नाही. तिला हसवत ठेवायचं काम मी अगदी मन लावून करत होतो.

मग कुणीतरी कॉलवर एक नवा माणूस आणला. बरीच वर्षं युरोपात राहिलेला, पन्नाशीचा, हळू बोलणारा. त्याने एकच शब्द काढला. म्हणाला, “फ्रेंचमध्ये ‘त्रिस्त’ म्हणजे दुःखी. जर्मन लोक थोड्या फरकाने तोच शब्द रंग उडालेल्या इमारतीला लावतात. स्वीडनमध्ये तर नुसता कंटाळा आला तरी चालतो.”

सहाही चौकोनांतलं चिवडा खाणं थांबलं. माझ्या वेळी ते कधीच थांबलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बायको वेळेआधीच केस विंचरून बसली.

“कुठे निघालीस?”

“कॉलवर.”

तो सांगू लागला, “आई गेली तेव्हा मी स्टॉकहोममध्ये होतो. रडू आलंच नाही. नुसता कंटाळा, दात घासायचासुद्धा. वाटलं, आपण नालायक मुलगा. मग तो शब्द...”

इथे मी त्याला म्यूट केलं.

“नेट गेलं वाटतं यांचं,” असं हळहळून मी माझा किस्सा सुरू केला. पण बायकोने माझं बोट पाहिलं होतं. तिने आमचा माइक बंद केला.

“त्यांना बोलू दे. पंधरा दिवस मला चहा टाकायचाही कंटाळा येतोय. रडू येत नाही. मला पुढचं ऐकायचंय.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू किस्सा सांगितला असतास.”

मी माइक चालू केला, त्यालाही त्याचा चालू करायला सांगितलं.

“आवाज येतोय का?” त्याने विचारलं.

“स्वच्छ येतोय,” मी म्हणालो. “बोला.”

तो बोलत राहिला. हळूहळू बायकोचे खांदे हलायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्क्रीनवर त्याच्याकडे बघत बसलो. तेवढ्यात शेजारच्या चौकोनातल्या वहिनींचा खासगी मेसेज आला: “चेहरा नीट करा, जळफळाट दिसतोय. कॅमेरा चालू आहे.”